बेचाळिशीतला निवृत्तीचा हिशेब: आधी गळती बुजवा, मग परतावा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, पत्नी ३८, पुण्यात खासगी नोकरी. ढोबळ पगार महिना १,२०,००० आणि त्यात बेसिक ६०,०००. पीएफमध्ये १४ लाख, जानेवारी २०१४ मध्ये उघडलेल्या पीपीएफमध्ये ९ लाख. घरखर्च ५२,०००, गृहकर्जाचा हप्ता २२,००० (कर्ज २०३४ मध्ये फिटेल), शिवाय २०१२ मध्ये घेतलेल्या वीस वर्षांच्या एंडोमेंट पॉलिसीचा (विमा आणि बचत एकत्र) वर्षाला ४०,००० हप्ता. पीएफ आणि कर धरून सगळे जाऊन महिन्याला २८,००० उरतात. २०१३ पर्यंतच्या दोन नोकऱ्या सोडताना पीएफ काढून घेतला होता, मिळून साधारण २ लाख. साठीला थांबायचे आहे. पीपीएफ वाढवू, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) घेऊ की एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) करू? आणि पॉलिसी मोडू का?

सुरुवात त्या काढलेल्या दोन लाखांपासून करू, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. ते पैसे खात्यात राहिले असते आणि सरासरी ८ टक्के व्याज मिळाले असते, तर तुमच्या साठीपर्यंत, २०४४ पर्यंत, म्हणजे ३१ वर्षांत, त्यांचे २१-२२ लाख झाले असते. एका फंडाऐवजी दुसरा निवडून एवढा फरक पाडायला नशीबही लागते. पीएफ जसाच्या तसा राहू द्यायला फक्त नोकरी बदलताना एक ट्रान्सफर अर्ज लागतो. निवृत्तीचा पैसा कमी पडतो तो बहुतेक वेळा मध्येच काढल्यामुळे. ‘कुठे गुंतवू’ हा प्रश्न त्यानंतरचा.

आता किती लागेल ते पाहू. आजचा ५२,००० चा खर्च महागाई ६ टक्के धरली तर १८ वर्षांनी महिना १,४८,००० च्या आसपास जातो. तुम्ही साठीला याल तेव्हा पत्नी ५६ वर्षांची असेल, म्हणून पैसा तिच्या नव्वदीपर्यंत, म्हणजे ३४ वर्षे पुरवायचा. बरेच जण फक्त स्वतःचे वय धरतात आणि पहिली चूक तिथेच होते. निवृत्तीनंतर कर वजा जाता महागाईपेक्षा २ टक्के जास्त परतावा मिळाला, तर पहिल्या वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम लागते. आजच्या भावाने ती १ कोटी ५६ लाख होते, २०४४ च्या भावाने ४ कोटी ४५ लाख. दुसरा आकडा बघून घाबरू नका, पगारही त्याच रुपयांत वाढणार आहे.

पीएफ चालू आहे हे गृहीत धरू नका, तपासा. यूएएनने (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) पीएफच्या पोर्टलवर लॉग इन करून सर्व्हिस हिस्ट्री उघडा. २०१३ पासूनच्या प्रत्येक कंपनीपुढे रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असायला हवी. ‘डेट ऑफ एग्झिट’ रिकामी असेल तर ट्रान्सफर अडतो. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले असतील, तर ती तारीख सदस्याला स्वतः भरता येते. एका कंपनीतून बाहेर पडल्याची तारीख दुसरीत रुजू झाल्याच्या तारखेनंतरची असेल, एका दिवसाने का होईना, तरी दावा परत येऊ शकतो. नाव आधारप्रमाणेच हवे. ‘सुरेश’ आणि ‘सुरेश रामचंद्र’ ही संगणकाच्या लेखी दोन माणसे. जुने मेंबर आयडी वेगवेगळे पडून असतील तर आजच एकत्र करा. निवृत्तीच्या वर्षी ती कंपनी अस्तित्वात असेलच असे नाही, आणि मग सही कोणाची आणणार?

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. लग्नाआधी केलेले पीएफचे नॉमिनेशन लग्नानंतर आपोआप रद्द होते. आई-वडिलांचे नाव टाकून विसरलेले कितीतरी जण आहेत. ई-नॉमिनेशन पोर्टलवर दहा मिनिटांत होते, वारसाचा फोटो आणि आधार हाताशी ठेवा.

पेन्शनबाबत अपेक्षा बेताची ठेवा. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण ते १५,००० च्या मर्यादेवर मोजतात, म्हणजे महिना १,२५०. पेन्शनचे सूत्र असे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. २०१३ पासून ५८ व्या वर्षापर्यंत २९ वर्षे, वीसहून जास्त सेवेसाठी दोन वर्षे वाढीव, मिळून ३१. हाती येतील महिन्याला साधारण साडेसहा हजार, आणि ते महागाईबरोबर वाढत नाहीत. किराणा आणि वीजबिलाची सोय, इतकेच. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच १५,००० हून जास्त पगारावर पीएफमध्ये आलेला माणूस या पेन्शन योजनेत बसत नाही, तरी काही कंपन्या चुकून त्याची वर्गणी तिकडे वळवतात. तुमची सदस्यता आधीची, त्यामुळे तुम्हाला ही अडचण नाही. धाकट्या भावंडांचे पासबुक मात्र बघून घ्या.

आता २८,००० ची वाटणी.

पहिला अर्ज एचआरकडे: पगाराची फोड बदलून मालकाची एनपीएस वर्गणी सुरू करा. नव्या करप्रणालीत ८० सीसारख्या (पीपीएफ, विमा हप्ता वगैरेंवरच्या) वजावटी नाहीत, पण मालकाने एनपीएसमध्ये भरलेली बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतची रक्कम करपात्र पगारातून वजा होते. तुमच्या बाबतीत ती महिना ८,४००, वर्षाला १,००,८००. स्पेशल अलाउन्समधून तेवढी रक्कम इकडे वळते. २०२५-२६ च्या दरांनी हिशेब करून बघा. १४,४०,००० मधून प्रमाणित वजावट ७५,००० गेली की करपात्र उत्पन्न १३,६५,०००, आणि त्यावर उपकरासह कर ८८,१४०. एनपीएस वजा केल्यावर करपात्र उत्पन्न १२,६४,२०० आणि कर ६६,७६८. एरवी १५ टक्क्यांच्या टप्प्यात एक लाखावर सोळा हजारांच्या आत कर वाचला असता. पण बारा लाखांच्या किंचित वर मार्जिनल रिलीफ लागू होतो, बारा लाखांवरच्या उत्पन्नापेक्षा कर जास्त लागत नाही, म्हणून तुमचे २१,३७२ वाचतात. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये हा रिलीफ धरला आहे का, हे एकदा बघून घ्या. थोडक्यात, खात्यात ८,४०० जातात आणि हातातला पगार महिना ६,६०० नेच घटतो.

एनपीएस खाते उघडताना लोक फसतात ते गुंतवणुकीच्या पर्यायावर. काहीच निवडले नाही तर बहुधा मध्यम जोखमीचा ऑटो पर्याय लागतो. त्यात पस्तिशीपर्यंत शेअर्सचा वाटा ५० टक्के असतो आणि पुढे दरवर्षी २ टक्क्यांनी उतरतो. बेचाळीसव्या वर्षी तो ३६ टक्क्यांवर आलेला असतो. अठरा वर्षे हाताशी असताना हे फार सावध झाले. ‘अॅक्टिव्ह’ (वाटा स्वतः ठरवायचा पर्याय) निवडा, शेअर्स ७५ टक्के आणि उरलेले सरकारी रोख्यांत. ऑक्टोबर २०२५ पासून १०० टक्के शेअर्सच्या योजनाही आल्या आहेत. त्यांची तुम्हाला गरज नाही, शेअर्सचे काम एसआयपी करेल.

एनपीएसवरची जुनी तक्रार होती ती सक्तीच्या अॅन्युइटीची, म्हणजे रक्कम विमा कंपनीला देऊन ठरावीक पेन्शन घेण्याची. बिगर-सरकारी सदस्यांना ४० टक्के रक्कम अॅन्युइटीत अडकवावी लागे. डिसेंबर २०२५ च्या नियमबदलात ती सक्ती २० टक्क्यांवर आली आणि खाते वयाच्या ८५ पर्यंत चालू ठेवायची मुभा मिळाली. करमाफी मात्र तेव्हा ६० टक्क्यांपर्यंतच होती. म्हणून ८० टक्के काढता येतात म्हणजे ८० टक्के करमुक्त मिळतात असे समजून बेत आखू नका.

दुसरा भाग ५,००० चा, सुरक्षित बाजूला. इथे माझे मत पीपीएफच्या विरोधात जाते. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, पीएफचा २०२४-२५ चा दर ८.२५ होता. पीएफमध्येच स्वेच्छेने जास्त वर्गणी भरली, म्हणजे व्हीपीएफ, तर तोच वरचा दर मिळतो. स्वतःची वर्षाची वर्गणी अडीच लाखांच्या आत असेपर्यंत त्याचे व्याज करमुक्त असते. तुमची आजची वर्गणी ८६,४००, त्यात ६०,००० मिळवले तरी बरीच जागा उरते. पगार ६ टक्क्यांनी वाढत गेला आणि मर्यादा तीच राहिली, तर छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास बेरीज अडीच लाखांपलीकडे जाईल. त्या वर्षी व्हीपीएफ थांबवा. अनेक कंपन्या व्हीपीएफचा फॉर्म वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये घेतात. तारीख चुकली की वर्ष गेले.

मग पीपीएफचे काय? बंद करू नका, जिवंत ठेवा. वर्षाला किमान ५०० भरावेच लागतात. चुकले तर खाते खंडित होते आणि प्रत्येक चुकलेल्या वर्षाचे ५०० अधिक ५० दंड भरून ते सुरू करावे लागते. तुमचे खाते जानेवारी २०१४ चे असले तरी पंधरा वर्षे मोजतात ती त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून. म्हणून मुदत १ एप्रिल २०२९ ला पूर्ण होईल. तिथे तीन वाटा फुटतात: पैसे काढा, वर्गणी न भरता खाते चालू ठेवा, किंवा वर्गणीसह पाच वर्षे वाढवा. तिसरी वाट घ्यायची तर मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत वाढीचा फॉर्म द्यावा लागतो. फॉर्म न देता पैसे भरत राहिलात तर त्या रकमेवर व्याज मिळत नाही. आणि वर्ष उलटले की खाते कायमचे बिनवर्गणीचे होते, पुन्हा भरायचा दरवाजा उघडत नाही. तुम्ही फॉर्म जरूर द्या. २०२९, २०३४, २०३९ असे तीन वेळा वाढवले की खाते अगदी निवृत्तीच्या वर्षी, २०४४ मध्ये, पुन्हा मोकळे होते. निवृत्तीनंतर वर्षाला दीड लाख करमुक्त व्याजावर ठेवायला दुसरी चांगली जागा शोधून सापडणार नाही.

(मोठी रक्कम भराल तेव्हा ती एप्रिलच्या पाच तारखेच्या आत भरा. महिन्याचे व्याज पाच तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर लागते. दरवर्षी दीड लाख एप्रिलच्या सुरुवातीला भरले तर ७.१ टक्क्यांनी पंधरा वर्षांत ४०.६८ लाख होतात. तेच मार्चअखेरीस कर वाचवण्याच्या घाईत भरले तर ३७.९८ लाख. रक्कम तीच, दर तोच, फरक पावणेतीन लाखांच्या जवळपास.)

तिसरा आणि मोठा भाग १५,००० ची एसआयपी. ५-६ फंडांची गरज नाही. निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात (त्या निर्देशांकातलेच शेअर्स घेणारा) १०,००० आणि एका फ्लेक्सी कॅप फंडात (लहान-मोठ्या कोणत्याही कंपन्यांचे शेअर्स घेणारा) ५,०००, दोन्ही डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे मध्यस्थाच्या कमिशनशिवाय. डायरेक्ट आणि रेग्युलर यांत वर्षाला १ टक्का खर्चाचा फरक धरला, तर दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढणाऱ्या या एसआयपीचे अठरा वर्षांत १ कोटी २२ लाखांऐवजी १ कोटी १२ लाख होतात. सल्ला हवा असेल तर शुल्क घेणाऱ्या नोंदणीकृत सल्लागाराला वर्षातून एकदा पैसे द्या. दहा लाखांपेक्षा ते स्वस्तच पडते. एसआयपी सुरू करतानाच ‘स्टेप-अप’चा, म्हणजे दरवर्षी आपोआप वाढीचा पर्याय निवडा. पगारवाढीनंतर आठवणीने वाढवू म्हणणाऱ्यांची एसआयपी पाच वर्षांनीही तेवढीच असते.

उरलेले हजार-दीड हजार टर्म विम्याकडे, म्हणजे बचत नसलेल्या निव्वळ जीवन विम्याकडे. कर्ज डोक्यावर असताना एंडोमेंट पॉलिसीचे संरक्षण फार तोकडे असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झाला. हप्ता थोडा जास्त आला तर पहिल्या वर्षीची एसआयपी हजारभराने कमी करा, पण विमा टाळू नका. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःचा वेगळा आरोग्य विमा पन्नाशीच्या आत घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि हा काळ नोकरीत असतानाच संपलेला बरा.

पॉलिसी मोडू का? २०१२ ची पॉलिसी २०३२ ला पिकते, म्हणजे चौदा वर्षे भरून झाली आणि सहा राहिली. सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत असता तर बंद करा म्हटले असते. आता शाखेतून तीन आकडे लेखी मागा: आजचे सरेंडर मूल्य (आज मोडल्यास हाती येणारी रक्कम), पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास) २०३२ ला मिळणारी रक्कम, आणि पूर्ण भरल्यास बोनस धरून अंदाजे मिळणारी रक्कम. मग आजचे सरेंडर मूल्य एकरकमी आणि पुढचे सहा हप्ते ‘गुंतवणूक’ मानून शेवटच्या रकमेवर एक्सेलमध्ये एक्सआयआरआर (तारखांप्रमाणे वार्षिक परतावा) काढा. उत्तर ७ टक्क्यांच्या आसपास किंवा वर आले तर चालू ठेवा. शेवटच्या वर्षांत अंतिम बोनसमुळे बहुधा तसेच येते. मागचा परतावा वाईट होता हे खरे, पण तो पैसा आता गेला. निर्णय पुढच्या सहा वर्षांचा आहे.

बेरीज करू. पीएफला ८ टक्के, पीपीएफला ७, एनपीएसला ९, एसआयपीला १० टक्के आणि बेसिक व एसआयपीत वर्षाला ६ टक्के वाढ धरली, तर २०४४ मध्ये पीएफचे १ कोटी ४६ लाख, व्हीपीएफचे २२ लाख, पीपीएफचे ३० लाख, एनपीएसचे ६३ लाख, एसआयपीचे १ कोटी २२ लाख. आणि २०३४ मध्ये गृहकर्ज फिटल्यावर तोच २२,००० चा हप्ता दहा वर्षे एसआयपीत गेला तर त्याचे ४२ लाख. एकूण ४ कोटी २५ लाख, म्हणजे लक्ष्यापेक्षा वीसेक लाख कमी. पॉलिसीचे पैसे आणि ग्रॅच्युइटी यात धरलेली नाही, तूट त्यातून भरून निघू शकते. या बेरजेतला सगळ्यात कच्चा दुवा तो कर्जानंतरचा हप्ता. कर्ज फिटलेल्या महिन्यातच नवी गाडी दारात येते, म्हणून एसआयपीचा आदेश आदल्या महिन्यातच देऊन ठेवा.

शेवटची पाच वर्षे वेगळ्या शिस्तीची. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांना शिवला, मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास होता आणि २०१३ संपतानाही २१ हजारांच्याच घरात होता. एसआयपी चालू असणाऱ्याला त्या काळात स्वस्त युनिट मिळाले. जानेवारी २००८ मध्ये निवृत्त होऊन दरमहा पैसे काढणाऱ्याने तेच युनिट पडत्या भावात विकले, आणि बाजार वर आला तेव्हा त्याच्याकडे युनिट कमी उरले होते. म्हणून पंचावन्नाव्या वर्षापासून दरवर्षी शेअर्समधला थोडा भाग सुरक्षित ठिकाणी हलवत न्या, साठीला किमान पाच वर्षांचा खर्च शेअर्सबाहेर हवा. एकदम विकू नका. सूचीबद्ध शेअर्सच्या फंडांतला दीर्घ मुदतीचा नफा वर्षाला १,२५,००० पर्यंत करमुक्त आहे, त्यावर १२.५ टक्के. पाच वर्षांत विभागून विकले तर ही सूट पाच वेळा मिळते.

साठीनंतर पहिले तीस लाख पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. २०२५-२६ मध्ये दर ८.२ टक्के होता, म्हणजे तिमाहीला ६१,५०० थेट खात्यात. व्याज करपात्र आहे. मर्यादा प्रत्येकी तीस लाख असली तरी पत्नीचे खाते तिच्या साठीनंतरच उघडेल, तुमच्या निवृत्तीनंतर चार वर्षांनी, हे बेतात लिहून ठेवा. शेअर्समधला निम्मा-पाऊण कोटी मात्र साठीनंतरही तिथेच राहू द्या. तो पैसा पत्नीच्या पंचाहत्तरीनंतरच्या खर्चाचा आहे.

कामाचा क्रम असा लावा: या आठवड्यात पीएफची सर्व्हिस हिस्ट्री आणि नॉमिनेशन, महिनाअखेरीपर्यंत एचआरकडे एनपीएस आणि व्हीपीएफचे अर्ज, पगाराच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाकून एसआयपी, आणि पॉलिसीच्या शाखेत जाऊन ते तीन आकडे लेखी.